लिटरभर म्हणजे किलोभर?

किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत रचलेले तेलाचे डबे एकमेकांपासून वेगळे ओळखणे कठीण असते. पत्रा तोच, उंची जवळपास तीच, बाहेर छापलेले सूर्यफूलही तेच. पण एकावर १५ किलो लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर १५ लिटर. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल निघते आणि १५ किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. चकलीचा एखादा घाणा नव्हे, फराळाचे बरेचसे तळण त्यात उरकेल. दोन्ही डबे कायदेशीर, दोन्हींवरचा मजकूर खरा. गिऱ्हाईक मात्र ‘डबा केवढ्याला?’ एवढेच विचारते.

दशमान पद्धत शाळेत शिकवली जाते तेव्हा तिची सोपी बाजू पाठ होते. किलो, हेक्टो, डेका, मग डेसी, सेंटी, मिली. पायरीगणिक दहाने गुणा किंवा भागा, दशांशचिन्ह इकडून तिकडे सरकवा. वजनातून वजनात किंवा लिटरमधून मिलिलिटरमध्ये जायला एवढे पुरते. लांबीवरून घनफळ काढताना पहिला खड्डा लागतो, कारण तिथे दहाची पायरी हजाराची होते: एका घनमीटरात शंभर नव्हे, हजार लिटर मावतात. गच्चीवर मीटरभर लांब, रुंद आणि उंच टाकी बांधली, तर भरल्यावर स्लॅबवर एक टन पाणी उभे राहते, हे घरमालकाला बहुधा मिस्त्रीकडून कळते. खरा पेच मात्र लिटरमधून किलोत जाताना येतो. लिटर सांगतो वस्तूने व्यापलेली जागा, किलो सांगतो वस्तुमान. या दोहोंना जोडणारा आकडा म्हणजे घनता. तो प्रत्येक पदार्थाचा वेगळा असतो आणि त्याच पदार्थाचाही तापमानाबरोबर बदलतो.

‘एक लिटर म्हणजे एक किलो’ ही समजूत काही अडाणीपणातून आलेली नाही. ती दशमान पद्धतीच्या जन्मातच आहे. ७ एप्रिल १७९५ रोजी क्रांतिकालीन फ्रान्सने कायदा केला. त्यात ग्रॅमची व्याख्या होती ती अशी: मीटरच्या शंभराव्या भागाचा घन जेवढा, तेवढ्या शुद्ध पाण्याचे, बर्फ वितळते त्या तापमानाला भरणारे वजन. लांबीवरून घनफळ, घनफळावरून वजन, आणि मधला दुवा पाणी. प्रत्यक्ष मोजायला बसल्यावर लफेव्र-जिनो आणि इटलीहून आलेले फाब्रोनी या दोघा शास्त्रज्ञांनी वितळत्या बर्फाऐवजी ४ अंश सेल्सिअस हे तापमान घेतले, कारण पाणी तिथे सर्वांत दाट असते. १७९९ मध्ये प्लॅटिनमचा किलो तयार होऊन दप्तरखान्यात ठेवला गेला. त्या दिवसापासून किलो म्हणजे तो धातूचा ठोकळा. पाण्याचे काम संपले.

पुढे बारकाईने मोजल्यावर कळले की तो ठोकळा घनडेसिमीटरभर पाण्यापेक्षा जराशाने जड आहे, किलोमागे सुमारे २८ मिलिग्रॅमने. यावर १९०१ च्या आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेने वेगळीच तोड काढली: लिटर म्हणजे एक किलो शुद्ध पाण्याचे सर्वाधिक घनतेच्या वेळचे आकारमान. परिणामी लिटर हा घनडेसिमीटरपेक्षा दशलक्षात २८ भागांनी मोठा झाला, आणि मिलिलिटर व घनसेंटिमीटर या दोन वेगळ्या वस्तू ठरल्या. प्रयोगशाळेत काचेची भांडी तपासणाऱ्यांना हा भेद साठ वर्षे सांभाळावा लागला. १९६४ मध्ये परिषदेने ती व्याख्या मोडीत काढून लिटर म्हणजे घनडेसिमीटरच असे पुन्हा ठरवले. इंजेक्शन देणारे डॉक्टर आणि मोटारसायकलवाले ज्याला सीसी म्हणतात तो तेव्हापासून निर्धास्तपणे मिलिलिटर आहे. किलोने तर २० मे २०१९ पासून प्लॅटिनमचाही हात सोडला आहे. आता तो प्लांकच्या स्थिरांकावर उभा आहे. पाण्याशी त्याचे नाते एवढेच की ३० अंशांच्या साध्या उकाड्यात लिटरभर पाणी ९९५.७ ग्रॅम भरते. किलोला चार ग्रॅम कमी, म्हणजे व्यवहारात बरोबरच.

महाराष्ट्राला ही दोन जगे निराळी आहेत हे दशमान पद्धत येण्याआधी पक्के ठाऊक होते. वजनी आणि कैली असे दोन हिशेब शेजारी शेजारी चालत. धान्य मापायचे ते कैली: चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. शेर वजनीही होता, मणही होता, पण वजनी मण चाळीस शेरांचा आणि कैली मण चौसष्ट शेरांचा. त्यात वजनी मणही गावोगावी वेगळा. रेल्वेचा मण सवासदतीस किलोंच्या वर जाई, तर मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतला. पायली तांदळाची, ज्वारीची की पोह्यांची यावर तिचे वजन अवलंबून असे, आणि ते कोणी विचारतही नसे, कारण पायली वजनाचा दावाच करत नव्हती. भांडण व्हायचे ते दुसऱ्या गोष्टीवरून: माप सपाट करून द्यायचे की शीग लावून? शंकूसारखी चढलेली शीग ज्याच्या पदरात पडली त्याला मापामागे मूठ-दोन मुठी जास्त मिळत. बलुत्याच्या आणि खंडाच्या देण्याघेण्यात ही मूठ लहान नव्हती.

१९५६ च्या वजनमापे प्रमाणन कायद्याने हा पसारा आवरायला घेतला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि व्यवसायांत किलो-ग्रॅम लागू झाले आणि १९६२ पर्यंत ते देशभर रुजवण्यात आले. धान्य मापातून उठून काट्यावर गेले. दूध आणि पॅकबंद तेल यांचा किरकोळ व्यवहार मात्र लिटरमध्ये स्थिरावला. घन वस्तू वजनाने, द्रव वस्तू लिटरने, असा साधा तोडगा निघाला. कागदावर तो शहाणपणाचा होता. घनतेचा प्रश्न त्याने सोडवला नाही. धान्याच्या पोत्यातून काढून तेलाच्या डब्यात आणि दुधाच्या कॅनमध्ये नेऊन ठेवला.

धान्याच्या व्यापारातूनही घनता पूर्ण गेली नाही. गव्हाची प्रत ठरवताना शंभर लिटरच्या मापात किती किलो गहू बसतो ते आजही पाहतात. भरीव दाण्याचा गहू पंचाहत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जातो, पोचट दाणा मागे राहतो. मापटे नापास झाले, पण त्याची परीक्षा उपयोगी पडते.

दुधाकडे आले की हा विषय पैशाचा होतो. गावच्या दूध संस्थेत पूर्वी लांब दांड्याच्या मापाने दूध घेत. धार काढून आणलेल्या ताज्या दुधावर फेस असतो. माप फेसासकट भरायचे की फेस बसल्यावर, यावर रोज सकाळी कुरबूर ठरलेली. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर ती थांबली, कारण फेसाला वजन जवळजवळ नसतेच. पण दर जाहीर होतो लिटरचा. मग काट्यावरचे किलो भागिले १.०३ असे लिटर काढावे लागतात, कारण दूध पाण्यापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी जड आहे. शंभर किलो दूध म्हणजे ९७ लिटरांहून किंचित जास्त. दर समजा लिटरला ३५ रुपये धरला, तर हा भागाकार विसरला की शंभर किलोमागे शंभर रुपये इकडचे तिकडे होतात. भागाकार १.०३ ऐवजी १.०२८ ने केला तरी एक लाख किलोंमागे दोनशेच्या आसपास लिटरांचा फरक पडतो. शेतकऱ्याच्या पावतीवर फॅट आणि एसएनएफचे (फॅट वगळता दुधातल्या इतर घन पदार्थांचे) आकडे ठळक असतात. हा भागाकार मात्र बहुधा यंत्राच्या पोटात असतो. तोही पावतीवर छापायला काहीच हरकत नसावी.

दुधाची घनता मोजण्याचे साधन म्हणजे लॅक्टोमीटर, आणि गोठ्यावरच्या भाषेत ती मोजणी म्हणजे ‘डिग्री’. डिग्री २८ आली म्हणजे घनता १.०२८. पाणी घातले की ती उतरते: दहा भागांतला एक भाग पाणी झाला, तर तिसाची डिग्री सत्ताविसावर येते. इथवर सरळ आहे. पण दुधातली साय पाण्यापेक्षा हलकी असते आणि साखर, प्रथिने, क्षार पाण्यापेक्षा जड. म्हणून साय काढून घेतलेल्या दुधाची डिग्री वाढते. हे ज्याला कळले त्याने आधी साय काढायची, मग पाणी घालायचे. डिग्री जशीच्या तशी. एका आकड्यावर विसंबलेली तपासणी अशी सहज फसते, म्हणून फॅट वेगळे मोजावे लागते. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणलेली आम्ल आणि फिरत्या यंत्राची चाचणी डेअऱ्यांमध्ये त्यासाठीच रुळली. एसएनएफ काढायला या दोन आकड्यांची सांगड घालतात: डिग्रीचा चौथा हिस्सा, अधिक फॅटचा सुमारे पाचवा हिस्सा, अधिक एक ठरावीक संख्या. ही शेवटची संख्या सगळीकडे एकच नसते. त्यातून तापमान चुकले तर डिग्रीही चुकते. थंड दूध दाट असते, कोमट दूध पातळ. एकाच म्हशीचे तेच दूध दोन ठिकाणी दोन भावांचे ठरते ते असे.

तेलाच्या बाबतीत तापमानाचा असाच खेळ पुष्कळ मोठ्या प्रमाणावर झाला. काही पाकिटांवर ‘१ लिटर’ च्या जोडीला बारीक अक्षरांत तापमान छापलेले असे. सोयाबीन तेल २१ अंशांना लिटरमागे ९१९ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. तेव्हा पाकिटावर ६० अंश लिहिले की तेवढाच ‘लिटर’ २६ ग्रॅम कमी तेलात पुरा होतो. साठ अंशांचे तेल कुठल्याच स्वयंपाकघरातल्या फडताळात नसते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितले की निव्वळ प्रमाण तापमानाचा उल्लेख न करता लिहा आणि लिटरच्या सोबत वजनही बरोबर छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. तेव्हापासून पिशवीवर कंसात ९१० ग्रॅमसारखा आकडा दिसतो. आणखी एक पाऊल पुढे जाऊन खाद्यतेल केवळ वजनानेच विकावे, लिटर हा शब्दच पिशवीवरून काढावा, असे म्हणायला जागा आहे. वजनाला ऊन लागत नाही.

इंधनांनी हा धडा वेगवेगळ्या प्रमाणात घेतला आहे. वायूचे आकारमान दाबानुसार वाटेल तसे बदलते, म्हणून मुंबई-पुण्याच्या रिक्षांमध्ये सीएनजी किलोने भरला जातो आणि घरगुती सिलिंडरवर १४.२ किलो लिहिलेले असते. नळाने घरात येणारा गॅस मात्र घनमीटरांनी मोजतात, पण ते ‘प्रमाणित’ घनमीटर, म्हणजे ठरलेल्या दाबाचे आणि तापमानाचे. पेट्रोल अजून लिटरने विकले जाते. एका अंशाने तापले तर ते हजारात एकाच्या आसपास फुगते. पंपावर घनता लिहिलेला फलक असतो, पण तो बहुतेकांना भेसळ ओळखण्यापुरताच माहीत असतो. भल्या पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते, हा सल्ला त्या फुगण्यावरच बेतलेला आहे. पंपाची टाकी जमिनीखाली असल्याने तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही, एवढे सल्ला देणारे विसरतात.

लिटर आणि किलो यांच्यामधला आकडा चुकला तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडात घडले. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचे उड्डाण क्रमांक १४३, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटन. विमान नवेकोरे बोइंग ७६७, आणि कंपनीतले किलोवर चालणारे पहिलेच. देश दशमान पद्धतीकडे वळत होता, बाकीची विमाने पौंडांत हिशेब करत होती. इंधनाचा दर्शक बिघडलेला, म्हणून टाक्यांखालच्या मापनपट्ट्यांनी इंधन मोजले: ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरवरून किलो काढताना कर्मचाऱ्यांनी १.७७ ने गुणले. हा आकडा खराच होता, रोजच्या वापरातला होता. पण तो लिटरमागचे पौंड सांगत होता. किलोसाठी ०.८०३ हवा होता. १.७७ धरल्यावर टाक्यांत १३,५९७ किलो असल्याचे निघाले आणि आणखी ४,९१७ लिटर पुरतील असे ठरले. खरे गणित केले असते तर २०,००० लिटरांहून जास्त भरावे लागले असते. ओटावाला पुन्हा तपासणी झाली, ती त्याच १.७७ ने, साहजिकच उत्तर जुळले.

वाटेत हवेतच एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिम्ली येथला, पूर्वीच्या नोकरीतला हवाई दलाचा तळ आठवला. तो बंद होऊन तिथे मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या होत्या, हे त्यांना माहीत नव्हते. शर्यतीच्या दिवशी, माणसे आजूबाजूला असताना, विमान आवाज न करता उतरले. विमानातले ६९ जण वाचले. एककांची गफलत म्हणून ही कथा सांगितली जाते, पण तिच्यातला कळीचा भाग वेगळा आहे. किलोचे पौंड करणे कर्मचाऱ्यांना अवघड नव्हते. त्यांना मिळालेल्या आकड्यावर तो कशापासून कशाकडे नेतो हे लिहिलेले नव्हते.

औषधांमध्ये हाच धोका रोजचा आहे, फक्त तिथे घनतेची जागा तीव्रता घेते. ‘अमुक मिलिग्रॅम म्हणजे किती मिलिलिटर?’ या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर नाही. उत्तर बाटलीच्या लेबलवर असते. लहान मुलांसाठीचे पॅरासिटामॉल थेंबांच्या रूपात अनेकदा मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते आणि सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५. सिरपचे माप लक्षात ठेवून थेंबांची बाटली वापरली, तर मात्रा चौपट होते. जलसंजीवनीच्या पुडीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅम मिश्रण असते आणि ते पुऱ्या एका लिटरसाठी असते. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी ढवळली, तर मिठाचे प्रमाण इतके चढते की जुलाबाने बेजार झालेल्या मुलाला त्याने अपायच व्हावा.

फवारणीच्या वेळी शेतातही हेच. द्राक्षबागेत आणि सुपारीच्या आगरात चालणारे एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. टक्का किलोचा, पाणी लिटरचे, आणि मध्ये ‘लिटर म्हणजे किलो’ ही जुनी फ्रेंच सोय इथे विनातक्रार चालते. बाजारच्या औषधांत ती चालत नाही. द्रवरूप कीटकनाशक बाटलीच्या झाकणाने मोजायची सवय लागलेला माणूस पावडरही त्याच झाकणाने पंपात टाकतो. दहा मिलिलिटरच्या झाकणात दहा ग्रॅम पावडर बसेलच असे नाही. भुसभुशीत असेल तर निम्मीच बसेल, दाबून भरली तर कितीही.

बांधकामावर या सगळ्याचे अर्क-रूप पाहायला मिळते. महाराष्ट्रात वाळू ब्रासने विकली जाते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचे हे साधारण साडेचार टन होतात. पण वाळू कोरडी क्वचितच येते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असला की कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसून ते एकमेकांपासून दूर राहतात, आणि बारीक वाळूचे आकारमान पाव हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त फुगते. पूर्ण भिजवली की ती पुन्हा खाली बसते. ओलसर वाळूची ब्रास घेणारा पाण्याचेच नव्हे, पोकळीचेही पैसे मोजतो. आणि घमेल्याने किंवा फर्म्याने एकास दोनास चार असे माप टाकणारा मिस्त्री त्याच फुगण्यामुळे काँक्रीटमध्ये वाळू कमी घालतो. सिमेंटची ५० किलोंची गोणी ३५ लिटरची धरायची हा ठोकताळा इथेच चालतो, गोणी ताजी आणि मोकळी असेपर्यंत.

काँक्रीटच्या भारतीय मानकाचा कल म्हणूनच वजनाने माल घेण्याकडे आहे. आकारमानाने घेतलाच तर फुगवट्याची भर धरायला ते सांगते. रेडीमिक्सच्या प्लांटवर वाळू, खडी, सिमेंट सगळे काट्यावरूनच पडते. विक्री मात्र घनमीटरने होते. साध्या काँक्रीटचा घनमीटर सुमारे २,४०० किलोंचा, तेव्हा सहा घनमीटरच्या गाडीत चौदा टनांहून थोडा जास्त माल असायला हवा. साइटवरच्या इंजिनिअरला चलनाबद्दल शंका आली, तर भरलेली आणि रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर उभी करून फरकाला २,४०० ने भागणे एवढेच त्याचे काम उरते.